गडचिरोलीत पहिली नेमणूक? सामान बांधण्याआधी हिवताप समजून घ्या

दक्षिण गडचिरोलीत नव्याने नेमणूक झालेल्या कुणाचा फोन आला की रस्ता, खोली, नेटवर्क या गोष्टी मी नंतर सांगतो. आधी सांगतो ते हे: ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. ‘आजची रात्र बघू’ म्हणायचं नाही. बाकी सगळं या एका सवयीच्या भोवती आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातून एटापल्ली तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवायला आलो. पहिल्याच दिवाळीच्या सुटीत घरी गेलो आणि चौथ्या दिवशी हिव भरून ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, मग टायफॉइडच्या संशयावर सलाईन लावलं. मी राहतो कुठे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं, ताप तो ताप. पाचव्या दिवशी मला सख्ख्या भावाचं नाव आठवेना. मोठ्या रुग्णालयात हलवल्यावर तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरने आईला विचारलं, “हे नोकरीला कुठे असतात?” गडचिरोली म्हटल्याबरोबर त्याने रक्त तपासायला पाठवलं. पीएफ, म्हणजे हिवतापाची जीवघेणी जात, निघाली. मी वाचलो, पण ते चार दिवस वाया गेले होते, आणि या आजारात चार दिवस फार असतात.

आधी आजार समजून घ्या

मराठीत या आजाराचं नावच लक्षण सांगतं. हिव म्हणजे थंडी. आधी हुडहुडी भरते, दोन-दोन चादरी पुरत नाहीत, मग ताप चढतो, मग दरदरून घाम येऊन उतरतो. पुस्तकात हे एक दिवसाआड घडतं. प्रत्यक्षात, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, ताप असा वेळ पाळेलच असं नाही. नुसतं डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, उलट्या, कधी जुलाब एवढंच दिसतं आणि माणूस ‘पोट बिघडलंय’ म्हणून पडून राहतो.

कारण आहे प्लाझ्मोडियम नावाचा सूक्ष्म परजीवी. तो अॅनाफिलीस जातीच्या डासाच्या मादीतून अंगात शिरतो. आपल्या दक्षिण सीमेपलीकडे, सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी डासाच्या पोटात हा परजीवी दिसला, तेव्हा कुठे डास आणि ताप यांची गाठ पडली. आपल्याकडे त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या. व्हायव्हॅक्स, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलीत पीव्ही, आणि फाल्सिपेरम, म्हणजे पीएफ. पीव्ही बेजार करतो. तो यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. पीएफ तसा दडत नाही, पण मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस यांवर जातो आणि उपचार न मिळाल्यास जीव घेतो. मुंबई-पुण्यात पीव्ही जास्त, तर गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पीएफचं प्रमाण मोठं. म्हणून शहरात मलेरिया होऊन गेलेल्या माणसाने ‘मला माहितेय हा ताप’ असं इथे समजू नये.

आता नवख्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. लहानपणापासून पुन्हा पुन्हा हिवताप झालेल्या इथल्या मोठ्या माणसांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. रक्तात परजीवी असूनही काहींना ताप नसतो, ते शेतात कामाला जातात. तुम्ही बाहेरून आलात, तुमच्याकडे ती ढाल नाही. शेजारचा माणूस दोन दिवस पडून उठला म्हणून तुम्हीही उठाल, हा हिशेब चुकीचा आहे. इथल्या लहान मुलांना आणि गर्भवती बायांनाही हाच धोका आहे. ती ढाल मुलांमध्ये अजून तयार झालेली नसते, आणि गरोदरपणात ती कमी होते.

निघण्याआधी

डॉक्टरांना एकदा भेटा आणि नेमणूक कुठे आहे ते सांगा. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची रक्ततपासणी करून घ्या. काहींमध्ये हे जन्मतः कमी असतं, आणि अशांना प्रायमाक्विन ही हिवतापावरची गोळी दिली तर तांबड्या पेशी फुटतात. ऐन तापात खेड्यात ही तपासणी मिळेलच असं नाही, म्हणून आधीच. घरात सिकलसेलचा इतिहास असेल तर तेही सांगा.

निवडणुकीची ड्युटी, सर्वेक्षण, बंदोबस्त अशा थोड्या आठवड्यांच्या मुक्कामासाठी डॉक्टर प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन देऊ शकतात. ती जाण्याच्या 2 दिवस आधीपासून रोज आणि परतल्यावर आणखी 4 आठवडे घ्यायची असते. परतल्यावरचे 4 आठवडेच लोक विसरतात. गर्भवतींना आणि 8 वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. वर्षानुवर्षं राहायला येणाऱ्यांनी मात्र गोळ्यांच्या नव्हे, मच्छरदाणीच्या भरवशावर राहायचं.

लशीबद्दल बरेच जण विचारतात. आर-ट्वेंटीवन ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये तिची शिफारस केली, पण ती दिली जाते आफ्रिकेतल्या लहान मुलांना. तुमच्या-माझ्यासाठी ती नाही.

सामानात थर्मामीटर, चांगली टॉर्च, पॅरासिटामॉल, ओआरएस, अंगाला लावायचं डास पळवणारं मलम, पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे दोन-तीन शर्ट आणि मच्छरदाणी असू द्या. भिंतीत खोचायच्या लिक्विड मशीनवर विसंबू नका. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते.

पहिला आठवडा: माणसं शोधा

खोली लावण्याआधी गावातल्या आशाताईंना भेटा. त्यांच्याकडे रक्त तपासायचं किट आणि गोळ्या असतात, आणि दोन्ही मोफत. त्यांचा नंबर घ्या, घर पाहून ठेवा. रात्री अंधारात शोधायची वेळ येऊ शकते. मग उपकेंद्रातल्या सिस्टर, आरोग्य सेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. पीएचसीला जायचा रस्ता एकदा स्वतः जाऊन बघा.

रस्ता पाहताना नाले मोजा. कुठल्या नाल्यावर पूल आहे, कुठे नुसता रपटा (नाल्यातून काढलेला ठेंगणा पक्का रस्ता), किती पावसात पाणी रपट्यावरून जातं, हे गावकऱ्यांना विचारा. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात घडतं. हिवतापाचे दिवस आणि पुराचे दिवस एकच, जुलैपासून पुढे. 108 ची गाडी नाल्याच्या पलीकडेच थांबणार असेल, तर अलीकडे तुम्ही काय करणार, हे ताप नसताना ठरवायचं. हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. त्या बाजूला नेमणूक असेल तर तिथला रस्ताही माहीत करून घ्या.

खोली, भिंत, मच्छरदाणी

इथली घरं बहुतेक कौलारू. भिंत आणि छप्पर यांच्यात हातभर फट असते. खिडकीला जाळी मारली तरी डास वरून आत येतात. जाळी लावा, पण तेवढ्याने भागलं असं समजू नका.

डास रक्त प्यायल्यावर जड होतो आणि जवळच्या भिंतीवर विसावतो. घरात फवारणी करतात ती या विसाव्याच्या जागेवर. आजारी माणसाचं रक्त प्यायलेली मादी लगेच आजार पसरवू शकत नाही. तिच्या पोटात परजीवी तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत ती एकदा जरी औषध मारलेल्या भिंतीवर बसून मेली, तरी साखळी तुटते. म्हणून फवारणीवाले आले की घराला कुलूप लावून शाळेत जाऊ नका. भांडी, धान्य, पाणी बाहेर काढा आणि झोपायची खोली, स्वयंपाकघर सगळं फवारू द्या. नंतर दोन-अडीच महिने त्या भिंती पुसू, सारवू किंवा रंगवू नका. पोळ्याला, दिवाळीला भिंती सारवायची पद्धत आहे. घरमालकीणबाईंना हे आधीच समजावून सांगितलं तर त्या ऐकतात. नुसतं ‘सारवू नका’ म्हटलं तर वाईट वाटतं, कारण सणाला मातकट भिंत कुणाला आवडेल?

आता मच्छरदाणी. आरोग्य विभाग देतो ती औषधी मच्छरदाणी असते. तिच्या धाग्यातच कीटकनाशक असतं आणि डास तिला टेकला की मरतो. साधी विकतची जाळी फक्त अडवते. औषधी मिळाली तर तीच वापरा. नवी असेल तर एक दिवस सावलीत मोकळी टांगून ठेवा. घाण झाली तर साध्या साबणाने, गार पाण्यात, न आपटता धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात औषध जातं. धुताना नाल्यावर किंवा बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, नेऊ नका, ते औषध माशांना मारतं. अशी मच्छरदाणी साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षं काम देते, म्हणून दर आठवड्याला धुवायची गरज नाही.

लावण्यात लोक चुकतात. कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली हवी. हात किंवा गुडघा जाळीला टेकून झोपलात तर साध्या जाळीतून डास बाहेरूनच चावतो. आठवड्यातून एकदा आत बसून टॉर्चच्या उजेडात भोकं बघा आणि सुई-दोऱ्याने तिथल्या तिथे शिवा. उन्हाळ्यात सगळे अंगणात खाट टाकून झोपतात, तुम्हीही झोपाल. खाटेच्या चार पायांना बांबूच्या काठ्या बांधून वर मच्छरदाणी ताणायची. शेतात मचाणावर जागलीला जाणाऱ्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्काम करणाऱ्या माणसाला मात्र मच्छरदाणी न्यायची सवय नसते. तिथेच ती सगळ्यांत जास्त लागते. वनरक्षक म्हणून येत असाल तर ही ओळ तुमच्यासाठी आहे.

संध्याकाळ ते पहाट

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. अॅनाफिलीस चावतो दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. तो बसला की ओळखता येतो. शेपटाकडची बाजू वर उचललेली, अंग भिंतीशी तिरकं. दिवे लागण्याआधी पूर्ण बाह्या, पायात मोजे, उघड्या भागाला मलम. कडुलिंबाचा धूर थोडा वेळ उपयोगी पडतो, पण झोपल्यावर तो कोण करणार?

लग्नात रेला नाच रात्रभर चालतो. वडसा-कुरखेडा भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं पहाटेपर्यंत रंगतात. जरूर जा. मी कधी चुकवत नाही. मलम लावून, अंग झाकून जा, आणि पुढचे दोन-तीन आठवडे अंगात कणकण आली तर ती रात्र आठवा. डास चावल्यापासून ताप यायला पीएफमध्ये साधारण 9 ते 14 दिवस लागतात, पीव्हीमध्ये थोडे अधिक.

पाण्याबद्दल थोडंसं

गटार साफ केलं की हिवताप जातो, हा शहरी समज आहे. गटारातला डास वेगळा. हा डास अंडी घालतो स्वच्छ, संथ पाण्यात: नाल्याच्या काठाला, धानाच्या बांधीत, बोडीच्या कडेला, गाडीच्या चाकोरीत साचलेल्या पाण्यात. एवढं पाणी कुणी बुजवू शकत नाही, आणि डास एक-दोन किलोमीटर सहज उडतो. म्हणून जंगलात मच्छरदाणी आणि फवारणी आधी. तरी हातपंपाजवळचं डबकं, शाळेच्या टाकीचं झाकण, निकामी टायर हे तुमच्या हातात आहे. आठवड्यातून एकदा पाणी काढून टाका, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गप्पी मासे आरोग्य सेवकाकडून मिळतात. ते टाकीत, बंद हौदात सोडा, वाहत्या नाल्यात नको. तिथल्या मूळ माशांची अंडी-पिल्लं ते खातात. धूर फवारणीने त्या संध्याकाळी उडणारे डास मरतात, दुसऱ्या दिवशी नवे येतात.

ताप आला त्या दिवशी

थर्मामीटर लावा, वेळ लिहून ठेवा आणि आशाताईंकडे जा. चालवत नसेल तर त्यांना बोलवा. बोटाला टोचून एक थेंब रक्त किटवर घेतात, वर द्रावण टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. नियंत्रणाची रेघ आली नाही तर किट खराब आहे, दुसरं मागा. ती रेघ आली आणि शेजारी पीएफ किंवा पीव्हीची रेघ उमटली, म्हणजे हिवताप. रेघ फिकट असली तरी हिवतापच. त्याच वेळी काचपट्टीवर रक्तलेपही घ्यायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला रक्तलेप परजीवी किती आहेत तेही सांगतो.

किट निगेटिव्ह आलं आणि ताप राहिला तर एक-दोन दिवसांत पुन्हा तपासा. पहिल्या दिवशी परजीवी कमी असले तर सुटू शकतात. उलट, पीएफचा उपचार पूर्ण झाल्यावरही किट काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं, कारण ते मेलेल्या परजीवींची प्रथिनंही पकडतं. तेव्हा घाबरून दुसरा कोर्स घेऊ नका, रक्तलेप करून घ्या.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांचा रस, लिंबू, सलाईन यांपैकी कशानेही परजीवी मरत नाही. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या ‘डॉक्टर’च्या इंजेक्शनने ताप तासभर उतरतो आणि तेवढ्यात संध्याकाळ होते.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर गावात थांबू नका: असंबद्ध बोलणं, गुंगी, झटके, आधाराशिवाय उभं राहता न येणं, पाणीही न टिकणारी उलटी, धाप, पिवळे डोळे, काळसर किंवा फार कमी लघवी, कुठूनही रक्त. लोक याला ‘ताप डोक्यात गेला’ म्हणतात. तेव्हा गोळी पुरत नाही, रुग्णालयात आर्टेसुनेटचं इंजेक्शन द्यावं लागतं. आकाश भरून आलं असेल आणि रपटा बुडणार असेल, तर लक्षणं वाढण्याची वाट न पाहता आधीच निघा. गर्भवती आणि तान्ह्या बाळाला तर पहिल्या तापातच दवाखान्यात न्यायचं. त्यांच्या गोळ्याही वेगळ्या असतात.

गोळ्या पूर्ण घ्या

पीएफला आर्टेमिसिनिन गटातलं जोड औषध 3 दिवस, आणि त्याबरोबर प्रायमाक्विनचा एकच डोस. पीव्हीला क्लोरोक्विन 3 दिवस आणि प्रायमाक्विन 14 दिवस. मात्रा वयावर आणि वजनावर ठरते. ती आशाताई किंवा डॉक्टर देतील, शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून नको. उपाशीपोटी घेऊ नका. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून पहिला डोस त्यांच्यासमोर घ्या.

खरी अडचण त्या 14 दिवसांची. तिसऱ्या दिवशी ताप जातो, माणूस डबा घेऊन कामाला निघतो आणि उरलेल्या गोळ्या खिडकीत राहतात. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारतं. यकृतात दडलेल्यांना मारते ती प्रायमाक्विन. म्हणूनच याला समूळ उपचार म्हणतात. मी कॅलेंडरवर चौदा गोल काढायचो आणि रोज एक खोडायचो. गोळ्या चालू असताना लघवी काळसर झाली तर ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जा. गर्भवती आणि 1 वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत.

वसतिगृह आणि गाव

शिक्षक किंवा गृहपाल असाल तर रात्री आठला टॉर्च घेऊन एक फेरी मारा. मुलं मच्छरदाणी गुंडाळून उशाला घेतात. थंडीत ती पांघरतात. सुटीवरून परतलेल्या प्रत्येक मुलाचं रक्त पहिल्याच आठवड्यात तपासायला सिस्टरांना बोलवा. मागे मोठ्या माणसांबद्दल सांगितलं, तसं ताप नसलेल्या मुलाच्या रक्तातही परजीवी असू शकतो आणि मग सगळी खोली आजारी पडते.

गावात ताप आला की काही घरं आधी पुजाऱ्याकडे जातात. त्यांच्याशी वाद घालू नका. मी एवढंच म्हणतो, “पूजा करा, पण बोटातून एक थेंब रक्त मला आत्ता घेऊ द्या.” आशाताई शेजारी बसून मुलाच्या आईशी तिच्या माडिया बोलीत बोलतात आणि बहुतेक वेळा थेंब मिळतो. काही पुजारी आता स्वतःच किटसाठी माणूस पाठवतात.

सुटीला घरी जाताना

माझं जिथे चुकलं ते हे. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘मी गडचिरोली जिल्ह्यात राहतो. ताप असल्यास हिवतापासाठी रक्त तपासावं, पीएफसह.’ घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण बोलायच्या अवस्थेत तुम्ही नसाल. जिल्हा सोडल्यावर निदान महिनाभर प्रत्येक ताप हिवतापच धरून चाला. पीव्ही होऊन गेला असेल तर बदली झाल्यानंतरही पुढचं वर्षभर नव्या गावच्या डॉक्टरांना ते सांगा. आणि तुमच्या जागी जो येईल त्याला खोलीची किल्ली देताना आशाताईंच्या घरापर्यंत चालत घेऊन जा, म्हणजे त्याला दार माहीत होईल.